रिकाम्या खोलीचं गिऱ्हाईक

१

शाळा सुटली की गोपीनाथ कुठेही न रेंगाळता थेट घर गाठायचा. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत तो ड्रॉइंग मास्तर होता. बरोबरीचे मास्तर मासुंदा तलावाच्या काठी दोन घटका टेकायचे, पान जमवायचे, त्यालाही हाका मारायचे. तो हात हलवून पुढे व्हायचा, रेल्वेचे रूळ ओलांडायचा आणि दिवेलागणीच्या आत कोपरीत पोचायचा. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, मग या माणसाला घराची एवढी कसली ओढ, असं लोकांना वाटे. त्याचं उत्तर चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

कोपरीत रंगूबाईच्या घरामागच्या दोन खोल्या त्याने भाड्याने घेतल्या होत्या. रंगूबाईचं सगळं घराणं मिठागरात राबणारं. मागच्या खिडकीतून मिठाच्या पांढऱ्या राशी दिसत आणि ओहोटीला खाडीचा वास सरळ आत येई. मंदाकिनी लग्न होऊन आली तेव्हा नाकाला पदर लावून बसायची. पुढे सवय झाली. सात वर्षं ती या दोन खोल्यांत वावरली आणि एका भादव्यात तीन दिवसांच्या तापाने गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गोष्ट घडत होती. गोपीनाथ कुलूप काढायचा, कडी सरकवायचा, आणि दार ढकलायच्या आधी आतून आवाज यायचा. पितळी तांब्यावर बांगडी आपटल्याचा. दोनदा. त्याची चाहूल लागली की मंदाकिनी हातपाय धुवायला पाणी काढून ठेवायची, तेव्हा व्हायचा तसाच.

तो भोळसट माणूस नव्हता. कडी दारावर आपटते, तिचा नाद आतल्या भांड्यांना लागतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. एकदा मात्र कडी मुठीत घट्ट धरून, जरासुद्धा वाजू न देता त्याने सरकवली. तरी आत तांब्या वाजला. दोनदा. त्यानंतर त्याने परीक्षा बघायचं सोडून दिलं. आत गेलं की कुणी नसे, तांब्या पालथाच असे. पण खोलीतून कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटे, आणि तेवढ्यावर त्याची संध्याकाळ निभावून जाई.

एक खंत होती. गेलेल्या माणसांची फोटोवरून तैलचित्रं करण्यात त्याचा हात धरणारा ठाण्यात दुसरा कुणी नव्हता. कितीतरी घरांच्या भिंतींवर त्याने मेलेले वडील, मेलेली आई आणून बसवली होती. मंदाकिनीचं चित्र मात्र त्याने कधी काढलं नाही. ती होती तोवर ‘काढू की कधीतरी’ म्हणत राहिला, फोटोही काढवला नाही. आता आठवून काढायला बसला तर चेहरा सापडेना. कपाळ सापडे, कानातली कुडी सापडे, मधलं सगळं पुसट. चार वेळा त्याने कॅनव्हास खरवडून काढला. पाचव्या वेळी तिचा नाद सोडला आणि समोर दिसत होती ती खोलीच काढली. खिडकी, चटई, दांडीवर तिचं घडी घातलेलं लुगडं, मोरीपाशी तांब्या. माणूस कुणी नाही.

२

“रिकामी खोली कोण घेणार रे?” परशुराम म्हणाला. तो कलाशाळेतला जुना सोबती, मुंबईत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचा, महिन्यातून एखाद्या रविवारी कोपरीला यायचा. “साहेबांना घागर घेतलेली बाई लागते, नाहीतर नदीचा घाट. संस्थानिकांना आपलं स्वतःचं तोंड लागतं. उघड्या चटईला पदक मिळालेलं मी तरी ऐकलं नाही.”

पण बोलता बोलता त्याची नजर पुन्हा पुन्हा चित्राकडे जात होती. शेवटी तो जवळ जाऊन उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “दे मात्र प्रदर्शनाला. ह्यातनं कुणीतरी आत्ता उठून गेलंय बघ.”

मुंबईच्या त्या वर्षीच्या प्रदर्शनात चित्रं छतापर्यंत तीन रांगांत लावली होती. गोपीनाथचं चित्र खालच्या रांगेत, दाराआडच्या कोपऱ्यात. मडमांचे झगे त्याला घासून जात होते. पहिल्या दिवशी तो दूर उभा राहून बघत होता, तर कुणी तिथे थांबलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी शाळेतून रजा काढून पुन्हा गेला तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यावर लाल चिठ्ठी चिकटवलेली होती. चित्र विकलं गेलं होतं.

“कल्याणच्या एक बाई होत्या,” तिथला कारकून म्हणाला. “विधवा बाई, बरोबर कारभारी. बाकीच्या चित्रांकडे वळूनही बघितलं नाही. अर्धा तास ह्याच्यापुढे उभ्या. मधेच कारभाऱ्याला म्हणाल्या, हळू बोल, आत कुणी आहे.” कारकून हसला. गोपीनाथही हसला. आयुष्यात पहिल्यांदा प्रदर्शनात त्याचं चित्र विकलं गेलं होतं, तेही मेलेल्याचं तोंड न काढता. येताना त्याने रंगूबाईसाठी पेढे आणले.

प्रदर्शन आटोपलं, चित्र परस्पर कल्याणला रवाना झालं. त्या संध्याकाळी गोपीनाथ नेहमीसारखा घरी आला. कुलूप काढलं, कडी सरकवली आणि थांबला.

आत काहीच वाजलं नाही.

त्याने कडी पुन्हा लावली, पुन्हा काढली. मग जरा जोराने आपटली. रंगूबाई सूप हातात घेऊन कोपऱ्यावर आली आणि उभी राहिली.

“आज नाय वाजला ना,” ती म्हणाली.

“काय वाजलं नाही?”

“तांब्या. दोन वर्सं मी रोज आयकतंय, मास्तर. बोललू नाय कवा. तुमाला बरा वाटत व्हता, मना म्हायती हाय.”

३

महिन्याभराने कल्याणहून पत्र आलं. लिहिणाऱ्याचं अक्षर मोडी वळणाचं, कारभाऱ्याचं असावं. खाली नाव आवडाबाईंचं.

‘चित्र पोचले. माडीवर लाविले आहे. घरास फार बरे वाटते. त्याच खोलीची डावी बाजू, जेथे कोनाडा आहे व कोनाड्यात करंडा आहे, तीही काढून पाठवावी.’

गोपीनाथने पत्र दोनदा वाचलं आणि डाव्या भिंतीकडे बघितलं. कोनाडा होता. करंडाही होता, मंदाकिनीचा, लाकडी, झाकणाला टवका गेलेला. पण चित्रात कोनाडा नव्हता. चित्राची कड कोनाड्याच्या वीतभर अलीकडे संपली होती.

यात नवल काय, त्याने मनाशी म्हटलं. कुठल्या घरात कोनाडा नसतो, आणि कुठल्या बाईचा करंडा कोनाड्यात नसतो? बाईंनी अंदाजाने लिहिलं असेल. शिवाय त्याच्या चित्रासाठी असं मागणं करणारं पत्र त्याला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. मेलेल्यांच्या मुलांची पत्रं यायची, नाक जरा सरळ करा, शालू भरजरी दाखवा म्हणून. हे पत्र एका चित्रकाराला आलेलं होतं. ते त्याने उशाशी ठेवलं.

तीन आठवडे खपून त्याने कोनाडा काढला. करंड्याचा टवका काढला, आत ठेवलेली शिकेकाईची कापडी पुरचुंडी काढली. मिठागरावरून येणारा पांढरा उजेड कोनाड्याच्या कडेवर कसा सांडतो ते काढलं. चांगलं उतरलं. गोणपाटात बांधून त्याने ते रेल्वे पार्सलने कल्याणला पाठवलं.

त्या कोनाड्याला वास होता. शिकेकाई, नागरमोथा आणि जुन्या कुंकवाचा मिळून एक. संध्याकाळी तिथे तोंड नेऊन उभं राहायची त्याला सवय होती, जसं कुणी देवापुढे उभं राहतं. पार्सल पोचलं असेल त्या दिवशी तो तिथे उभा राहिला. पुरचुंडी उघडली, शिकेकाई चिमटीत घेऊन नाकाशी नेली. चुन्याचा वास आला. बस, नुसता चुन्याचा.

पडसं झालं असेल, त्याने ठरवलं. मग पेटीतून टर्पेंटाईनची बाटली काढून हुंगली. ती चांगली नाकात झोंबली.

४

दुसरं पत्र दिवाळीनंतर आलं.

‘आता समोरची भिंत काढावी. ती बसते तेथे डोईच्या तेलाचा डाग आहे, तो विसरू नये.’

तांदूळ निवडायला मंदाकिनी त्या भिंतीला टेकून बसायची. केसांना भरपूर तेल. भिंतीवर डाग पडला तेव्हा तो चिडला होता. “भिंत खराब होतेय अगं, रंगूबाई काय म्हणेल?” ती हसून हातभर सरकायची आणि तिथेही टेकायची. डाग गोल राहिला नाही, आडवा पसरला, एखाद्या ढगासारखा. ती गेल्यावर रंगूबाईने दोनदा चुन्याचा हात दिला. दोनदा डाग वर आला.

हे कल्याणच्या बाईला कुणी सांगितलं?

परशुरामने सांगितलं असेल. पण परशुराम त्या बाईला कुठे ओळखतो? रंगूबाईने? ती खाडीपलीकडे गेलेली नाही. गोपीनाथच्या मनात दुसरंच एक अडकून बसलं होतं. ‘ती बसते’ असं लिहिलं होतं. बसत असे, बसायची, असं नाही. कारभाऱ्याच्या हातून चूक झाली असेल म्हणून त्याने ते वाक्य खालीवर करून पाहिलं. अक्षर अगदी स्वच्छ होतं.

चित्र काढायचं नाही असं त्याने ठरवलं आणि आठ दिवस पाळलंही. पण शाळेतून घरी यावं, मुक्या दारातून आत शिरावं आणि त्या डागाकडे बघत बसावं, असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्याला वाटलं, हाही एक दिवस जाईल. भिंत पडेल, रंगूबाईची सून नवी भिंत बांधेल. रंगात उतरवला तर निदान राहील तरी. माणूस स्वतःला काय काय सांगतो. त्याने कॅनव्हास ताणला, आणि डाग काढताना हात असा चालला की जेवणाची आठवण राहिली नाही.

पार्सल गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून तो चूळ भरायला मोरीकडे वळला आणि तिथेच थबकला. भिंत पांढरी होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी. त्याने तळवा फिरवला. कोरडी.

रंगूबाई दुपारी डोकावली. “मास्तर, भित धुतलीव काय?”

त्याने नाही म्हणून मान हलवली.

“मंग बायचा डाग कय गेला?” ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच तिने खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाली, “घर मोकला झाला तुमचा.”

पुढच्या प्रदर्शनासाठी गोपीनाथने सगळी खोली पुन्हा एकदा काढली. तीच खिडकी, तीच चटई, तोच उजेड. परशुराम बघायला आला आणि चित्राजवळ जाऊन उभा राहिला.

“हात तोच आहे,” तो म्हणाला. “किंबहुना सुधारलाय. पण गेल्या वेळी कुणी उठून गेल्यासारखं वाटायचं. ह्या खोलीत कुणी राहतच नाही रे.”

प्रदर्शन संपल्यावर चित्र तसंच परत आलं. चौकटीच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटल्याची खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी गोपीनाथने कल्याणला पत्र टाकलं, की रविवारी येतो.

५

ठाण्याहून दुपारची गाडी. मुंब्र्याचा डोंगर, खाडी, मग दिवा गावची भातखाचरं. डब्यात एक म्हातारा होता, तो डोंबिवलीला उतरला. पुढे गोपीनाथ एकटाच.

कल्याण स्टेशनात गुणाजी, आवडाबाईंचा कारभारी, टांगा घेऊन आला होता. वाटेत त्याने न विचारता सांगितलं. बाईसाहेबांचा एकुलता मुलगा, बाळ म्हणायचे त्याला, रेल्वेला खडी पुरवायचं कंत्राट घ्यायचा. काळ्या तलावापलीकडे त्याने नवीन घर बांधलं. वास्तुशांत झाली की लग्न करायचं ठरलं होतं, दोनतीन मुली बघितल्या होत्या. वास्तुशांतीला महिना राहिला आणि पटकीत तो गेला.

“बाईसाहेब एकट्याच राहिल्या मग. एवढं नवं घर, आणि कुणाचा वावर नाही.” गुणाजीने चाबूक नुसताच हलवला. “आताशा एकट्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं.”

“तुमचं काय म्हणणं?”

“मी माडीवर जात नाही, मास्तर. खालचं काम खाली करतो.”

घराला अजून ताज्या सागवानाचा वास होता. भिंतींवर ओरखडा नाही, उंबऱ्यावर पाय घासल्याची खूण नाही. आवडाबाई पन्नाशीच्या, सडपातळ, डोक्यावरून घट्ट पदर. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं, जशी माणसं मुलीकडच्यांना न्याहाळतात, आणि म्हणाल्या, “दमला असाल. वर चला.”

जिन्याच्या मधल्या पायरीवर त्याचा पाय पडला आणि वर कुठेतरी पितळ वाजलं. दोनदा.

तो तिथेच थांबला. आवडाबाई मागे न बघता चढत राहिल्या.

माडीवरची खोली म्हणजे त्याचीच कोपरीची खोली होती. सुताराकडून खिडकी चित्राच्या मापाने करून घेतलेली, चटई तशी, दांडी तशी. तीन भिंतींवर त्याची तीन चित्रं, ज्या भिंतीचं जे होतं ते तिथे. चौथी भिंत त्याने कधी काढलेली नव्हती. ती कोरी होती आणि तिच्यात आतल्या खोलीचं दार होतं, दाराला जाडा पडदा. मोरीपाशी पाट मांडलेला आणि पाण्याने भरलेला तांब्या. पाणी अजून हलत होतं.

“पाय धुवून घ्या,” आवडाबाई म्हणाल्या. “तुमच्यासाठीच काढून ठेवलंय.”

गोपीनाथ डागाच्या चित्रापाशी गेला. चित्र बरंच उंचावर लावलं होतं. त्याखाली, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, नव्याकोऱ्या भिंतीवर आडवा पसरलेला डाग होता. त्याने बोट लावलं. बोट ओलं झालं. खोबरेल, त्यात माका उकळलेला. ते तेल मंदाकिनी स्वतः करायची.

नव्या भिंतीला तेल कुणीही लावू शकतं. माक्याचं तेल बाजारात मिळतं. हे सगळं त्याला सुचत होतं, एकामागून एक, आणि प्रत्येक गोष्ट खरी होती. तरी तो पडद्याकडे वळला.

“आत कोण आहे?” त्याने विचारलं.

“घरचं माणूस.”

“मला भेटायचंय.”

“सून माणूस आहे, मास्तर. परक्यापुढे येत नाही.” आवडाबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, फार तर थोडं कौतुक होतं. “येऊन फार दिवस झाले नाहीत. पहिल्यांदा नुसती चाहूल असायची. मग कोनाडा आला तेव्हा घरात वास दरवळला. हल्ली दुपारी बसते इथे. मी खाली असले तरी मला कळतं. घरात कुणीतरी आहे म्हटल्यावर घास गोड लागतो हो.”

“चित्रं परत द्या,” गोपीनाथ म्हणाला. आपला आवाज त्याला ओळखू आला नाही. “तिन्ही. मी नेतो.”

“न्या की. मी अडवत नाही.” आवडाबाई खरोखरच बाजूला झाल्या. “पण चित्रं नेली म्हणजे ती मागोमाग येईल, असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्याकडून निघाली ती विकलीत म्हणून. इथून निघाली तर कुठे जाईल, मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे?”

त्याचे चौकटीकडे गेलेले हात तसेच खाली आले. तेवढ्यात पडदा जरासा हलला. दार आतून ओढून घ्यायला एक हात बाहेर आला होता. हिरव्या बांगड्या, आणि मनगटावर, बांगड्यांच्या जरा वर, चिंचोक्याएवढा भाजल्याचा डाग. दुधाचं पातेलं उतरवताना भाजलं होतं. तूप त्यानेच लावलं होतं, फुंकर घालत. हात दिसला तो श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ.

“अगं,” गोपीनाथ म्हणाला.

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आवडाबाईंनी कपाटातून एक फोटो आणून त्याच्या हातात ठेवला. पंचविशीचा मुलगा, डोक्याला पगडी, खुर्चीत ताठ बसलेला, डोळ्यांत जरा संकोच.

“आमचा बाळ. मेलेल्या माणसांची चित्रं तुमच्याइतकी चांगली कुणी काढत नाही, असं मी ऐकलंय. त्याला इथे बसवा, चटईवर, तिच्यासमोर. पगडी नको. घरात बसल्यासारखा.”

“आणि मी नाही काढलं तर?”

“तर ती एकटी बसेल.” आवडाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. “मी किती दिवस पुरणार तिला?”

६

फोटो त्याने पेटीत तळाशी घातला. नव्या कॅनव्हाससमोर आरसा मांडला आणि स्वतःला काढायला बसला.

चटईवर मांडी घातलेला, शाळेतून आल्यावर असतो तसा, अंगरखा काढून ठेवलेला, तोंड समोरच्या भिंतीकडे. बारा दिवस तो उजेड असेतो काढत राहिला. कानामागचे पांढरे केस काढले. डोळे फार जपून काढले. जिला बघायचं आहे तिच्याकडे बघणारे. परशुरामने ते बघितलं आणि त्याचा दंड धरला.

“हे प्रदर्शनाला दे, गोपीनाथा. ह्याच्यावर पदक लिहिलेलं आहे. आजवर तू काढलंस ते सगळं ह्याच्यापुढे पाणी आहे.”

“विकलं गेलंय ते,” गोपीनाथ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कल्याणला पाठवून दिलं.

मग तो वाट बघू लागला. चौथ्या दिवशी संध्याकाळी, दिवा लावायच्या जरा आधी, तो चटईवर मांडी घालून बसला होता. खिडकीतून खाडीचा वास येत होता. तो हळूहळू पातळ झाला आणि त्याजागी सागवानाचा वास आला. गोपीनाथ हलला नाही. फार लांबून, जिन्याच्या वरच्या टोकाला कुणी असावं इतक्या लांबून, तांब्या वाजला. एकदा. दुसऱ्यांदा वाजला नाही. कुणाचा तरी श्वास थांबल्याचं त्याला कळलं, आणि मग पितळ खाली पडलं, गडगडत गेलं, पाणी सांडलं. पावलं धावली. दार आपटलं.

पुन्हा खाडीचा वास. मिठागरावर अंधार उतरत होता. गोपीनाथने डोळे पुसले. ती घाईने उठली असेल, त्याला वाटलं. मला बघून तांब्या हातातून सुटला असेल. इतक्या दिवसांनी बघितलं, सुटणारच.

त्या आठवड्यात तो शाळेत गुणगुणत होता. मुलांना नवल वाटलं.

७

रविवारी सकाळी रेल्वेचा हमाल पार्सल घेऊन आला. गोणपाटावर कल्याणचा शिक्का. गोपीनाथने दोरी सोडली. त्याचं स्वतःचं तोंड बाहेर आलं, भिंतीकडे बघणारं. चौकटीला कुंकवाचा पुसट हात लागलेला होता, जणू कुणी ते घाईघाईने पालथं घातलं होतं. बरोबर पत्र होतं, त्याच वळणाच्या अक्षरात.

‘चित्र परत पाठविले आहे. राग मानू नये. काम फार सुंदर आहे, त्यात तुमचा दोष नाही. परंतु सूनबाई घाबरल्या आहेत. कोणी परका पुरुष खोलीत बसून आपल्याकडे सारखा बघतो, म्हणतात. पाच दिवस त्या खोलीत पाऊल टाकीत नाहीत, दिवेलागणीस तर दारही उघडू देत नाहीत. हा मनुष्य कोण, कशासाठी येतो, असे विचारतात. मी काय सांगावे? शांत करून ठेवले आहे. चित्र उतरविल्यापासून काल थोडे जेवल्या. आमच्या बाळाचे तेवढे लवकर करावे, म्हणजे घरात आपले माणूस आहे असा त्यांस धीर येईल.’

रंगूबाई अंगणात मासळी वाळत घालत होती. तिने दोनदा काही विचारलं, त्याला ऐकू गेलं नाही. तो उंबऱ्यात बसून होता, पत्र गुडघ्यावर. ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं, चटईपर्यंत आलं, पुढे गेलं.

मग तो उठला. आपलं चित्र त्याने भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पेटी उघडली, तळातून त्या मुलाचा फोटो काढला, बाहीने पुसला आणि खिडकीच्या उजेडात नीट टेकवून ठेवला. मुलगा संकोचून त्याच्याकडे बघत होता. चेहरा चांगला होता, मायाळू वाटला.

गोपीनाथने नवा कॅनव्हास ताणला, रंग कालवले आणि आधी त्याच्या डोळ्यांना हात घातला, ते कुणाला भीतीदायक वाटू नयेत म्हणून.